मागून येणारे साहेब

बाबा मला कामाच्या वेळेत कधी फोन करत नाहीत. बारामतीच्या एमआयडीसीत मी ज्या दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो हे त्यांना माहीत आहे, आणि नियम म्हटला की तो ते माझ्यापेक्षा जास्त पाळतात. त्यामुळे जेवायच्या सुट्टीत लॉकर उघडला आणि त्यांचे एकापाठोपाठ आलेले कॉल दिसले, तेव्हा परत फोन लावायच्या आधी मी थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिले. फोन लावला तर बाबांनी आधी मी जेवले का विचारलं. मग म्हणाले, "आक्का गेली. सकाळीच. मेंदूत रक्त उतरलं म्हणत्यात." आणि मग, जणू याच प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असणार अशा आवाजात, "परवाच तर लासुर्ण्यातनं इंदापूरला सायकलवर जाऊन आली व्हती गं..."

आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. इंदापुरात मुलींच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. लग्न केलं नाही. लासुर्ण्यात दोन खोल्यांच्या घरात एकटी राहिली आणि निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांपासून दर हिवाळ्यात कोकणात जाऊन समुद्राच्या कडेच्या रस्त्याने एकटी सायकल चालवायची. दापोलीहून दाभोळ, तिथून फेरीबोटीने धोपावे, मग गुहागर, हेदवी, तवसाळ, पुन्हा बोट, पलीकडे जयगड, आणि अंगात असेल तर रत्नागिरीपर्यंत. सायकल जायची डाळिंबाच्या टेम्पोतून, चिपळूणच्या बाजारापर्यंत, आणि ती स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून, सायकलीच्या मागच्या चाकाला कुलूप लावून. चालत्या टेम्पोतल्या सायकलीला कुलूप कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "टेम्पो थांबतो की मधी."

आत्याचा स्वभाव यात सगळा आला. ती कुणावर चटकन विश्वास ठेवत नसे. गोड बोलणाऱ्यावर तर मुळीच नाही. नव्या जागी उतरली की आधी दाराची कडी आतून लावून, बाहेरून ढकलायला मला सांगायची. टपरीवर कुणी "कुठं निघालात बाई?" म्हणालं, तर ती कधीच खऱ्या गावाचं नाव घेत नसे, अलीकडचं तरी सांगायची नाहीतर पलीकडचं. कुणी आडनाव विचारलं तर शाळेचं नाव सांगायची. लहान असताना मला ते विसरभोळेपण वाटायचं. आडनावावरून माणूस माणसाला कुठल्या ओटीवर बसवायचं ते ठरवतो, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही कुणी सांगितलं म्हणून नाही.

तिचा सराव बघण्यासारखा असे. आमच्या मुलखात चढ नाही. लासुर्ण्याहून वालचंदनगर, तिथून इंदापूर, सगळा रस्ता ताटासारखा. दोन्ही बाजूंना ऊस आणि समोर उसाच्या ट्रेलरची मागची बाजू. मग कोकणातल्या घाटांचा सराव करायचा कुठे? आत्या कॅरिअरला गव्हाचं पोतं बांधायची आणि पश्चिमेचा वारा तोंडावर घेत सायकल मारायची. "वारा म्हणजे आपला चढ," म्हणायची. दिवाळी जवळ आली की ते पोतं दिसायला लागायचं आणि पारावरची मंडळी तयारच असायची. आमचे एक लांबचे तात्या दर वर्षी न चुकता विचारायचे, "काय बाई, लासुर्ण्याची गिरणी बंद पडली व्हय? दळण घेऊन कुठवर जाताय?" आत्या सायकल न थांबवता म्हणायची, "तात्या, हितं पीठ जाड पडतंय."

कॉलेज संपल्यावर एका हिवाळ्यात ती मला बरोबर घेऊन गेली. बाबांनी मला सोडलं ते आत्यावरच्या भरवशावर, आणि मी गेले ते नाही म्हणता आलं नाही म्हणून. मला अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की अजूनही आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. इंग्रजी शाळेत दहा-बारा वर्षं काढल्यामुळे तर मराठीत काय बोलायचं आणि कसं, या दोन्हींची भीती. आत्याला हे ठाऊक होतं. ती म्हणाली, "तू बोलूच नको. नुसती माझ्या मागनं ये आणि मी कुणाला काय सांगते त्याला मान हलव."

त्या किनाऱ्याच्या रस्त्याची एक चाल आहे. खाडी लागते, बोटीतून उतरलं की लगेच चढ. चढ संपला की सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान, जिथे वाऱ्याशिवाय काही नाही. मग एकदम उतार, उताराच्या तळाशी माडांत बुडालेलं गाव, गावापलीकडे पाणी. की पुन्हा चढ. सपाट रस्ता म्हणून जो मिळतो तो गावातल्या देवळापासून दुकानापर्यंतचा. पहिल्या दिवशी मी प्रत्येक चढाला वाटेतल्या माणसांना विचारत सुटले, अजून किती. सगळे एकच सांगायचे, हे काय, जवळच, पुढं सपाटच आहे. आत्या हसत होती. तिचं म्हणणं, मोटारसायकलवाल्याला चढ विचारायचा नाही, त्याला तो दिसलेलाच नसतो. ज्या बाईच्या डोक्यावर लाकडाचा भारा आहे तिला विचारायचं. आणि ती जर न बोलता नुसती वर बघून हसली, तर सायकलवरून उतरून ढकलायला लागायचं. ढकलण्यात तिला कसलाही कमीपणा नव्हता. चढावर सायकल ढकलत चालणारी आणि उतारावर दोन्ही ब्रेक दाबून सावकाश येणारी ती बाई बघून कुणाला वाटलं नसतं की हिने हा किनारा इतक्यांदा पार केलाय.

मी तिला विचारलं होतं, तुझा माणसांवर इतका अविश्वास, मग असा रस्ता कशाला आवडतो, जिथे वळणाच्या पलीकडचं काही दिसत नाही? तिने बराच वेळ पाणी पीत विचार केला. "सपाटीवर माणूस लांबनं दिसतं," ती म्हणाली. "दिसतं म्हणून आपण म्हणतो, कळलं. हितं निदान ठाऊक असतं की न्हाय कळलेलं."

साहेबांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते गुहागरच्या अलीकडे, एका चहाच्या टपरीवर. दोन माणसं बाकावर बसली होती. त्यातला एक फार चौकशा करत होता, दोघीच का, मुक्काम कुठे, घरचं कुणी नाही का बरोबर. आत्याने बशीत चहा ओतला आणि शांतपणे म्हणाली, "आमचे साहेब मागनं गाडी घेऊन येतायत. एवढ्यात येतील." मी खरंच मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. टपरीपासून लांब आल्यावर आत्या मला म्हणाली, "अगं, खोटं मी बोलायचं आणि मागं तू बघायचं? मग झालं कल्याण." आणि मग माझ्याकडून वचन घेतलं, की घरी हे सांगायचं नाही. "बाळूला कळलं तर म्हणेल, एवढी भीती वाटती तर जातीस कशाला." बाळू म्हणजे माझे बाबा.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. एकट्या बाईने स्वतःभोवती घातलेलं ते कुंपण होतं, एवढं मलाही समजत होतं. पण त्याच प्रवासात आम्ही हेदवीच्या अलीकडच्या एका गावात उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही, आत्याला आवडलं नसतं. तिथे सुलोचनाकाकूंच्या घरी मागच्या अंगाला एक खोली आहे, ती त्या पाहुण्यांना देतात. आत्या दर वर्षी तिथेच राहायची. का, तर पहिल्या वर्षी या बाईने आडनाव न विचारता आधी पाय धुवायला गरम पाणी दिलं होतं. त्या घरी मी पडवीत बसले होते आणि आत स्वयंपाकघरात दोघींचं बोलणं चाललं होतं. काकू विचारत होत्या, "साहेबांचा गुडघा कसा आहे?" आणि आत्या म्हणाली, "थंडीत धरतोच. तेल लावा म्हटलं की चिडतात." हे ती एक क्षणही न थांबता म्हणाली. मी स्वतः फार कमी खोटं बोलते, कारण मला ते जमत नाही. आधी ठरवावं लागतं, मग आठवावं लागतं. आत्याला ठरवावं लागलं नव्हतं. जेवायला काकूंनी तीन पानं घेतली आणि तिसरं झाकून खोलीत दिलं, साहेब उशिरा आले तर म्हणून. मी त्या पानाकडे बघत राहिले. मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस कुठेतरी आहे.

हे मी कुणाला बोलले नाही. आत्यालाही विचारलं नाही. आमच्या दोघींमध्ये ते तसंच राहिलं आणि नंतरच्या हिवाळ्यांत ती पुन्हा एकटीच जाऊ लागली.

आत्याच्या जलदानविधीला लासुर्ण्यात मांडव भरला होता. तिच्या शाळेच्या जुन्या मुली आल्या होत्या, काही आपापल्या मुलींना घेऊन. वंदना झाली, भन्ते बोलले, मग बाबा उभे राहिले. बाबा पाटबंधारे खात्यात कालव्यावर होते. सभेत बोलायची त्यांना सवय नाही. ते थोडकंच बोलले. म्हणाले की बहीण एकटी राहिली म्हणून लोकांनी नाही नाही ते बोलायचं ठेवलं नाही, आणि दर वेळी आपण एकच उत्तर दिलं. "माझ्या भैनीच्या आयुष्यात मला ठाऊक न्हाय असं कायबी न्हाय. तवाबी म्हनलो, आजबी म्हनतो." मी मान खाली घातली. माझ्या डोळ्यांपुढे ते झाकलेलं पान होतं.

त्यानंतर काही दिवसांनी आत्याच्या फोनवर फोन आला. तो फोन बाबांनी स्वतःजवळ ठेवला होता, रोज चार्ज करत होते. पलीकडून एक बाई म्हणाली, "बाईंचे मिस्टर बोलताय ना? यंदा आला नाहीत तुम्ही दोघं, म्हणून म्हटलं विचारावं." बाबा म्हणाले, "कोण मिस्टर?" मग फोन बंद. बाबांनी पुन्हा लावला, तो उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, तेव्हाही नाही.

तो फोन कुणाचा ते मला ऐकताक्षणी कळलं. बाबांचं मात्र त्या दिवसापासून सगळं थांबलं. आत्याची सायकल तिच्या शाळेतल्या एखाद्या मुलीला द्यायचं त्यांनी मांडवातच जाहीर केलं होतं. मुख्याध्यापिकांचा फोन आला तर म्हणाले, बघू पुढं. तिच्याबद्दल कुणी काही चांगलं बोलू लागलं की उठून बाहेर जायचे. आईने हळूच म्हटलं की राँग नंबर असेल, तर त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. शेवटी एके दिवशी मला समोर बसवून म्हणाले, "तू गेली हुतीस तिच्यासंगं. खरं सांग."

मी सांगितलं. टपरी, मागून येणारी गाडी, वचन, सगळं. एकटी बाई होती, घाबरवायला एक नाव लागायचं, बाकी काही नाही. बाबा ऐकत होते, पण त्यांची नजर माझ्या तोंडावर होती, शब्दांवर नव्हती. "एवढंच?" ते म्हणाले. आणि मला हो म्हणता येईना. मी गुडघ्याचं सांगितलं. ते सांगायला नको होतं की हवं होतं, मला अजून ठरवता येत नाही. बाबा म्हणाले, "खोट्या मानसाचा गुडगा दुखंल कसा?"

त्यांना राग आत्याने कुणावर जीव लावला असेल याचा नव्हता, हे मी खात्रीने सांगते. तिने लग्न करावं म्हणून तरुणपणी त्यांनीच जिवाचं रान केलं होतं. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. गावातल्या पारावर, नातेवाइकांत, भावकीच्या भांडणात, आयुष्यभर त्यांनी तिच्या वतीने शब्द दिला होता. आणि ज्या माणसाने तिच्यासाठी शब्द दिला, त्यालाच तिने सांगितलं नाही... म्हणजे तिचा आपल्यावरसुद्धा विश्वास नव्हता, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. "साऱ्या जगावर संशय घ्यायची," ते एकदा आईला म्हणाले. "मला वाटायचं मी त्यात न्हाय."

आपण जाऊन विचारू, असं मीच म्हणाले. काकू फोन उचलत नव्हत्या, दुसरा रस्ता नव्हता. सायकल गाडीच्या टपावर बांधायची कल्पनाही माझीच. काकूंनी मला एकदाच पाहिलेलं, त्या ओळखतील याची खात्री नव्हती. सायकल मात्र नक्की ओळखतील. मुक्कामाच्या आधीच्या सड्यावर मी सायकलवर बसायचं आणि बाबांनी गाडी घेऊन यायचं, असं ठरलं. बाबा घाटात गाडी चालवायला भितात. कुंभार्ली उतरताना त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे होते, आणि वळण दिसायच्या आधीच ते हॉर्न वाजवत होते. एकदा फक्त म्हणाले, "ह्ये सगळं ती सायकलवर?"

सड्यावर उतरून मी सायकलवर बसले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. पलीकडे समुद्र दिसत होता, पण रस्ता त्याच्याकडे जायचं सोडून आधी डावीकडे वळत होता, जसा तिथला प्रत्येक रस्ता वळतो. उतारावर मी दोन्ही ब्रेक दाबून खाली आले. मागून बाबांचा हॉर्न ऐकू येत होता, प्रत्येक वळणाला, माझ्यापेक्षाही मागे पडत.

सुलोचनाकाकू अंगणात सोललेली सुपारी वाळत घालत होत्या. त्यांनी आधी सायकल पाहिली आणि चेहरा उजळला, मग वर पाहिलं आणि तो विझला. "बाई कुठायत गो?" त्या म्हणाल्या. मी वाटेत मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते तोंडातून निघेना. आत्या गेली, दिवाळीनंतर, एवढंच म्हणाले. काकू हातातली सुपारी तशीच धरून पायरीवर बसल्या. काही वेळाने पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं, एकटी आलीस काय? मी म्हणाले, नाही, मागून येतायत. हे म्हणेपर्यंत मला कळलं नव्हतं मी काय म्हणतेय. काकूंनी मान वर करून रस्त्याकडे कान दिला. वरच्या वळणावर हॉर्न वाजला, मग त्याच्या खालच्या. गाडी दिसायच्या आधीच त्या उठल्या, पदर सारखा केला, आणि बाबा गाडीतून उतरून गुडघ्यावर हात ठेवून सरळ होत होते तोवर घरात गेल्यासुद्धा.

त्या बाहेर आल्या त्या चहा घेऊन. बाबांपुढे कप ठेवून हलक्या आवाजात म्हणाल्या, "घ्या साहेब. साखर घातली नाहीये." बाबा काकूंना जाब विचारायला साऱ्या घाटातून आले होते. त्यांनी कप उचलला. एक घोट घेतला. मग म्हणाले, "तुमाला कसं ठाऊक? साखरंचं?"

"बाई सांगायच्या ना," काकू म्हणाल्या, आणि मग, बायको गेलेल्या माणसाशी बोलावं तसं, त्या सांगत राहिल्या. की साहेब वळण यायच्या आधी हॉर्न देतात. की जेवताना भात आधी वाढला तर रुसतात, भाकरी संपल्याशिवाय भाताला हात लावत नाहीत. की दर वर्षी म्हणतात, यंदा मी गाडी घेऊन मागनं येतो, आणि घाटाचं नाव निघालं की गुडघा धरतात. "मी म्हणायचे बाईंना, कधी दिसत नाहीत गो तुमचे साहेब. तर म्हणायच्या, उशिरा आले, पहाटे गेले. पान तर सकाळी लख्ख असायचं." मला माहीत होतं ते पान कुणी खाल्लं होतं. दिवसभर ते चढ चढल्यावर आत्याला दोन माणसांची भूक लागायची.

मी बाबांकडे बघत होते. ते कपाकडे बघत होते. चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. कालव्याचं पाणी वरच्या दारातून सोडलं की खालच्या कोरड्या पाटात ते येताना आधी आवाज येतो आणि मग पाणी, तसं काहीतरी.

"मी भाऊ तिचा," ते म्हणाले. "धाकला."

काकू गोंधळल्या. "मग साहेब?"

"त्ये कोण न्हाईत." बाबांनी कप खाली ठेवला. "मीच असंन."

मग काकू फोनचं सांगू लागल्या, की "कोण मिस्टर" ऐकल्यावर त्यांना धस्स झालं होतं, बाईंनी घरात न सांगितलेलं काहीतरी आपण बोलून बसलो म्हणून, आणि त्यामुळेच पुन्हा उचलला नाही. त्यांचा स्वतःचा नवरा उभं आयुष्य मुंबईला नोकरीत होता. "दारात कुणी आलं की मीपण सांगायचे, आहेत आत, झोपलेत. माझे निदान मुंबईला तरी होते." हे ऐकून बाबा हसले. आत्या गेल्यापासून पहिल्यांदा.

आणि मग, सगळं जुळलं असं वाटत असतानाच, काकूंना आणखी एक आठवलं. "पण तुम्ही पेटी छान वाजवता म्हणे. संध्याकाळी घेऊन बसता. एकच गाणं येतं, तेही अर्धं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात पेटी कधी नव्हती. बाबांना सूर ताल काही कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात. "न्हाय," ते म्हणाले. "ते माझं न्हाय."

माझ्या डोक्यात लगेच सुरू झालं. शाळेत संगीताचे कुणी सर होते का? तिच्या तरुणपणी, इंदापुरात, शेजारी कुणी... अर्धंच गाणं का? मी तोंड उघडलं तेवढ्यात बाबा म्हणाले, "मनू, आता तू चालू करू नगंस." मग काकूंकडे वळून, जणू त्यांनाच उत्तर द्यायचं होतं अशा बेताने, "पेटी तिची असू द्या. एवढं तिचं."

आम्ही त्या दिवशी तिथेच राहिलो. काकूंनी आत्याची खोली उघडून दिली. चुन्याच्या भिंती, एक खाट, समुद्राचा नुसता आवाज येणारी खिडकी, आणि खाटेच्या वर माळा. माळ्यावर एक निळी कापडी पिशवी होती, तोंडाला नाडी बांधलेली. काकू म्हणाल्या, बाई दर वर्षी जाताना ती वर ठेवून जायच्या, आल्या की काढायच्या. आता तुम्हीच घेऊन जा. त्या स्टूल आणायला निघाल्या. बाबा खाटेवर बसले होते, खाटेच्या दांड्यावर हात फिरवत. "राहू द्या," म्हणाले. "खोली तिची हाय न्हवं? मंग तिचं सामान हितंच बरं."

सकाळी बाबांनी मुख्याध्यापिकांना फोन लावला आणि सायकल त्याच आठवड्यात घेऊन येतो म्हणून सांगितलं. मग ते ती टपावर बांधत होते, एकेक गाठ दोनदा ओढून बघत. मी निरोप घ्यायला आत गेले आणि काकूंना हळूच विचारलं, पिशवी जड आहे का. त्यांनी जरा नवलाने माझ्याकडे पाहिलं. "मी कधी उचलून बघितली नाही गो," त्या म्हणाल्या.

मी बघितली असती.